एका माउसच्या आवृत्त्या

वाङ्मयाच्या अभ्यासकांनी संगणकाच्या माउसचा इतिहास लिहावयास घ्यावा, हे काही वाचकांना विक्षिप्तपणाचे वाटेल. बोरू आणि टाक, शिळाप्रेस आणि खिळे यांच्याविषयी आपल्याकडे लिहिले गेले आहे. मुद्रणाने मराठी गद्याला कसे वळण लावले हा तर पदव्युत्तर वर्गात नेहमी चर्चिला जाणारा विषय आहे. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत आपण जे काही पडद्यावर वाचले, स्कॅन केलेल्या ज्या जुन्या ग्रंथांची पाने चाळली, विद्यार्थ्यांच्या प्रबंधांची जी प्रकरणे तपासली, ते सारे मुठीत मावणाऱ्या ज्या वस्तूच्या साह्याने घडले, तिच्याकडे वाचनाचे साधन म्हणून पाहण्याची सवय आपल्याला नाही. पडद्यावर बोट दाखवण्याची काठी, एवढीच तिची ओळख. आमचे म्हणणे असे की, निदान एका घराण्यापुरती ही ओळख अपुरी आहे. लॉजिटेक कंपनीच्या 'एमएक्स' मालिकेतील मोठे, महाग, बिनतारी माउस २००२ पासून २०२५ पर्यंत एकामागून एक निघत गेले. त्या आवृत्त्या शेजारी शेजारी मांडून पाहिल्या, तर त्यांच्यातील महत्त्वाचे पाठभेद वाचनाच्या अंगाने पडलेले दिसतात.

'पाठभेद' हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. पाठचिकित्सेत जुन्या प्रतीचे वजन अधिक असते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तिच्यामागेही मधल्या हातांनी केलेले फेरफार दूर सारण्याचीच दृष्टी होती. यंत्रांच्या बाजारात याच्या अगदी उलट चालते. तेथे शेवटची आवृत्ती तेवढी शुद्ध, आणि आधीच्या सर्व रद्दी. इतिहास लिहावयाचा तर या दोन्ही समजुती बाजूला ठेवून प्रत्येक आवृत्तीत काय आले, काय गेले आणि तो निर्णय कोणाच्या हाती राहिला, याची नोंद घ्यावी लागते.

माउसचा जन्म मुळात मजकुराच्या कामातूनच झाला. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ मध्ये लाकडी ठोकळ्याचा पहिला नमुना सिद्ध केला. खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके, वर एक बटण. १९६७ मध्ये या दोघांनी मेल्विन बर्मन यांच्यासह एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात माउसची तुलना प्रकाशलेखणी, जॉयस्टिक आणि टेबलाखाली गुडघ्याने हलवावयाची एक दांडी अशा साधनांशी केली होती, आणि परीक्षेचे काम होते पडद्यावरील मजकुरातले नेमके ठिकाण निवडण्याचे. (नवख्या माणसांच्या बाबतीत गुडघ्याच्या दांडीने बरीच चमक दाखवली. इतिहासाने थोडे वेगळे वळण घेतले असते, तर आज आम्ही गुडघेदुखीवर लिहीत असतो.) ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट यांनी जे प्रसिद्ध प्रात्यक्षिक केले, त्यातही याद्या, मथळे आणि मजकुराचे तुकडे यांचीच हलवाहलव होती. त्या वेळी त्यांच्या उजव्या हाताखाली माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांची एक पट्टी. उजव्या हाताने जागा दाखवावी, डाव्याने आज्ञा द्यावी आणि नजर मजकुरावरून हलू नये, अशी ती योजना होती. पुढे बाजाराने त्यातला माउस तेवढा उचलला आणि डाव्या हाताची पट्टी मागे पडली. या डाव्या हाताकडे आम्हांला पुन्हा यावयाचे आहे.

लॉजिटेकची स्थापना १९८१ मध्ये स्वित्झर्लंडमधील एपल्स या गावी झाली. पुढच्याच वर्षी तिचा 'पी ४' हा पहिला माउस बाजारात आला. तेव्हापासून दोन दशके माउसच्या पोटात गोळी फिरत राहिली आणि तिला चिकटलेला मळ नखाने खरवडणे हा संगणकवापराचा एक अपरिहार्य संस्कार होऊन बसला. या काळातील एकच गोष्ट आपल्या विषयाला अत्यावश्यक आहे, ती म्हणजे चाक. मायक्रोसॉफ्टमधील एरिक मिशेलमन यांना १९९३ मध्ये एक्सेलची अवाढव्य कोष्टके हाताळणाऱ्यांची अडचण पाहून तशा साधनाची कल्पना सुचली, आणि १९९६ च्या 'इंटेलिमाउस'ने ते चाक जगभर नेले. हिशेबाच्या वहीसाठी सुचलेली ही युक्ती वाचकांच्या हाती आली आणि तिने वाचनाची रीत बदलली. पूर्वी पडद्याच्या उजव्या कडेची पट्टी पकडण्यासाठी वाचकाला मजकुरातून उठून जावे लागे. आता नजर ओळीवर ठेवून केवळ तर्जनी हलवली की पान सरकू लागले. एंगलबार्ट यांनी डाव्या हाताकडे सोपवलेल्या कामाचा एक अंश अशा रीतीने उजव्या हाताच्या एका बोटाकडे आला.

आता आपल्या घराण्याकडे वळू. २००२ चा 'एमएक्स ७००' हा मूळपुरुष. प्रकाशावर चालणारा, तारेतून सुटलेला, रात्री आपल्या बैठकीवर बसवून ठेवला की सकाळी ताजातवाना होणारा. २००४ मध्ये 'एमएक्स १०००' आला. साध्या प्रकाशदिव्याऐवजी लेसर वापरणारा हा पहिला माउस, आणि पृष्ठभागाचा तपशील तो वीसपट अधिक टिपतो असा कंपनीचा दावा होता. या दोहोंची सूक्ष्मता, म्हणजे हात इंचभर हलला असता यंत्राला दिसणारे टप्पे, ८०० इतकी होती. पुढे हा आकडा वाढत गेला: २०१५ मध्ये १६००, २०१७ मध्ये ४०००, २०२२ मध्ये ८०००. जाहिरातीत सर्वांत ठळक छापला जातो तो हाच आकडा, आणि आमच्या मते या इतिहासात सर्वांत कमी महत्त्वाचाही हाच. साधा हिशेब करून पाहावा. पडद्याची रुंदी १९२० बिंदूंची असेल आणि एका टप्प्याला कर्सर एक बिंदू सरकत असेल, तर ८०० च्या माउसने अडीच इंचांहून किंचित कमी हात हलवला की कर्सर या टोकापासून त्या टोकाला पोहोचतो. ८००० च्या माउसला त्याच प्रवासासाठी पाव इंचही लागत नाही. चित्रकाराला किंवा दोन-तीन मोठे पडदे लावून बसणाऱ्याला याचा लाभ असेल. परिच्छेदाच्या आरंभी कर्सर ठेवणाऱ्याला तो कसा व्हावा? बोट दाखवण्याचा प्रश्न या घराण्याने २००४ च्या सुमारास बव्हंशी सोडवला होता. नंतरची कथा चाकाची आहे.

ही कथा २००६ च्या 'एमएक्स रेव्होल्यूशन'पासून सुरू होते. त्याआधीचे चाक खटक्याखटक्याने फिरत असे. विंडोजच्या मूळ मांडणीत एका खटक्याला तीन ओळी सरकतात. वाचकाच्या दृष्टीने खटका हे विरामचिन्ह होय. बोटाला कळते की आपण एक पाऊल टाकले, आता थांबलो आहोत, आता पुन्हा एक पाऊल. पडद्यावरच्या लांब मजकुराला पाने नसतात. आपल्याकडे पोथी सुट्या पानांची आणि जन्मपत्रिका गुंडाळीची. पडदा हा जन्मपत्रिकेच्या जातीचा आहे. छापील पुस्तक हातात असता किती वाचले आणि किती उरले हे दोन अंगठ्यांखालच्या जाडीवरून समजते. गुंडाळीत ती सोय नाही, म्हणून खटक्याचे मोल अधिक. परंतु चारशे पानांच्या पीडीएफमध्ये तळटीप शोधावयाची असेल, तर हाच खटका शाप ठरतो. बोट दुखून येते आणि टीप सापडत नाही.

'रेव्होल्यूशन'ने याला शोधलेले उत्तर विलक्षण होते. धातूच्या जड चाकाला आतून पकडणारे दाते एका छोट्या मोटरने मागे घेतले जात, आणि मग चाक एखाद्या भोवऱ्यासारखे मोकळे, कितीतरी सेकंद आपल्याच वेगाने फिरत राही. पानेच्या पाने डोळ्यांपुढून वाहून जात. बोटाने चाक अडवले की पुन्हा खटके सुरू. एका चाकात दोन चाके होती: एक वाचण्याचे, दुसरे शोधण्याचे. यातून कोणते केव्हा लागू करावयाचे हे ठरवण्याचे काम 'स्मार्टशिफ्ट' नावाच्या योजनेकडे होते. चाकाला दिलेल्या झटक्याचा वेग पाहून, किंवा पडद्यावर कोणता कार्यक्रम उघडा आहे हे पाहून, ती बदल घडवून आणी.

येथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. वाचन कोठे संपते आणि चाळणे कोठे सुरू होते, हा प्रश्न साहित्याच्या शिक्षकाला नवा नाही. विद्यार्थ्याने कादंबरी वाचली की नुसती चाळली, हे आपण त्याच्या उत्तरपत्रिकेवरून ओळखतो, किंवा ओळखतो असे समजतो. या यंत्राने तो प्रश्न बोटाच्या वेगावर आणून ठेवला. अमुक वेगापर्यंत तुम्ही वाचक, त्यापुढे शोधक. आणि दुसरी अट तर याहून धीट होती. तीत कार्यक्रमावरून निवाडा होई, म्हणजे साहित्यप्रकार पाहून वाचनपद्धती ठरवण्यासारखेच ते झाले. शब्दकोश कोणी आरंभापासून शेवटापर्यंत वाचत असेल आणि महाकाव्यात कोणी एकच ओवी शोधत असेल, ही शक्यता त्या निवाड्यात कोठे बसते? असे असूनही कल्पना मोठी होती हे मान्य केले पाहिजे. या घराण्यात तिच्या तोडीचे दुसरे काही आजवर आले नाही.

म्हणूनच २००९ चा 'परफॉर्मन्स एमएक्स' इतिहासकाराला चक्रावून टाकतो. येथे मोटर गेली. चाकामागे एक साधे बटण आले. ते दाबले की दाते सुटतात, पुन्हा दाबले की बसतात. नव्या आवृत्तीने जुन्या आवृत्तीतला सर्वांत कौतुकाचा भाग गाळला. उत्क्रांतीची सरळ रेषा काढू पाहणाऱ्याला हे पीछेहाटीसारखे दिसेल. आम्हांला तसे वाटत नाही. वाचतो आहे की शोधतो आहे, हे ठरवण्याचा अधिकार या आवृत्तीने संपूर्णपणे वाचकाला परत दिला. मग ते कंपनीने खर्च वाचवण्यासाठी केले असो वा अन्य कारणाने. शिवाय या माउसच्या पोटात एक बदलता येण्याजोगा डबल-ए आकाराचा रिचार्जेबल सेल होता. 'एमएक्स ७००'मध्ये असे दोन सेल असत. मधल्या दोन आवृत्त्यांनी बॅटरी आत बंद केली होती, या आवृत्तीने झाकण पुन्हा उघडे केले. जाहिरातीत मात्र तिचा गाजावाजा झाला तो काचेवर चालण्याबद्दल. 'डार्कफील्ड' या पद्धतीमुळे, सूक्ष्मदर्शकाच्या काळ्या पार्श्वभूमीवर धूलिकण चमकावेत तसे, काचेवरचे बारीकसारीक कण आणि ओरखडे माउसला दिसू लागले. काच मात्र किमान ४ मिलिमीटर जाडीची हवी.

यानंतर सहा वर्षांचे अंतर पडले. २०१५ मध्ये घराण्याने 'एमएक्स मास्टर' हे नवे नाव धारण केले आणि स्मार्टशिफ्ट परत आले, या वेळी चाकामागचे बटण कायम ठेवून. यंत्राने ठरवावे, पण वाचकाला ते पालटता यावे, अशी ही तडजोड आहे. आम्ही तिला या इतिहासातील सर्वांत शहाणा संपादकीय निर्णय समजतो. अंगठ्याजवळ दुसरे चाक आले, आडव्या सरकण्यासाठी. गद्य वाचणाऱ्याला त्याचा उपयोग क्वचितच. पण दोन पाठ स्तंभांत मांडून ताडून पाहणाऱ्याने ते एकदा वापरून पाहावे. बॅटरी मात्र पुन्हा आत गेली, ती आजतागायत आतच आहे. २०१७ च्या '२एस' आवृत्तीत एका संगणकावर उचललेला मजकूर दुसऱ्यावर नेऊन ठेवण्याची सोय आली. तिच्यामुळे प्रबंधलेखनाचा वेग वाढला असेल, पण प्रबंधांचा दर्जा वाढला असे म्हणण्यास आम्ही धजत नाही.

२०१९ चा 'मास्टर ३' हा आमच्या मते घराण्याचा उत्कर्षबिंदू. चाक पोलादी झाले आणि आतले यांत्रिक दाते नाहीसे होऊन त्यांच्या जागी चुंबक आले. सेकंदाला हजार ओळी, हा कंपनीचा दावा सर्वत्र उद्धृत झाला. पण खरी नवलाई कमी वेगात आहे. हळू फिरवताना बोटाला खटके लागतात, आणि तरीही कोठे काही अडकत नाही, घासत नाही. तो खटका चुंबकीय ओढीचा आहे. म्हणजे जे विरामचिन्ह आधी यंत्ररचनेचा अपरिहार्य परिणाम होते, ते येथे मुद्दाम रचलेले आहे. छंदातली यती आणि श्वास संपल्यामुळे पडलेला खंड यांत जो फरक, तोच हा. वाचकाला विराम हवा असतो हे ओळखून कोणीतरी तो घडवला, ही गोष्ट आम्हांला अप्रूपाची वाटते. अंगठ्याची बटणेही या आवृत्तीत नीट जागी आली. आधीच्या दोन आवृत्त्यांत ती चाकाजवळ अशी दाटलेली होती की मागे जावयाचे असता पुढे गेल्याचा अनुभव वरचेवर येई.

२०२२ च्या '३एस'चे वैशिष्ट्य शांतता. बटण दाबल्याचा आवाज नव्वद टक्क्यांनी कमी केल्याचे कंपनीने सांगितले. ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत शेजाऱ्याच्या टकटकीने ज्यांची समाधी भंगली आहे, ते या एका सुधारणेसाठी सूक्ष्मतेचा आकडा विसरून जातील.

आता डावा हात. २००२ पासूनच्या या सर्व मोठ्या माउसांचा घाट उजव्या तळव्याला बेतलेला आहे. अंगठ्याची खळगी, बोटांचा उतार, बटणांच्या जागा, सारे उजवे. हाताला आराम मिळावा म्हणून घाट जितका नेमका करावा, तितका तो दुसऱ्या हाताला परका होत जातो. सपाट, दोन्हीकडून सारख्या माउसने ही अडचण कधी निर्माण केली नव्हती. कंपनीने २०२२ मध्ये 'लिफ्ट' नावाच्या उभट माउसची डावखुरी प्रत काढली, पण 'मास्टर'ची काढली नाही. आमच्या वर्गांत दर वर्षी चार-दोन विद्यार्थी डाव्या हाताने लिहिणारे असतात. लहानपणी चमच्यावरून आणि प्रसादावरून त्यांनी बोलणी खाल्लेली असतात. ते निमूटपणे उजव्या हाताने माउस धरावयास शिकतात. चुंबकीय खटक्याचा विचार इतक्या बारकाईने करणाऱ्या घराण्याला तेवीस वर्षांत दुसरा तळवा सुचू नये, हे आम्हांला त्या घराण्याचे मोठे न्यून वाटते. आणि जिच्यातून ही सारी परंपरा निघाली, त्या १९६८ च्या योजनेत डाव्या हाताला स्वतंत्र काम होते, हे लक्षात घेता तर अधिकच.

वस्तू किती काळ आपली राहते, हाही प्रश्न याच काळात पुढे आला. लॉजिटेकच्या प्रमुख हानेके फेबर यांनी २०२४ मध्ये एका मुलाखतीत कायम टिकणाऱ्या माउसची कल्पना बोलून दाखवली. वस्तू उत्तम घड्याळासारखी जन्मभर राहील, सॉफ्टवेअर नवे होत राहील, आणि त्यासाठी वर्गणी असू शकेल. यावर इतका गदारोळ झाला की, असे कोणतेही उत्पादन प्रत्यक्षात नाही व नियोजितही नाही, असा खुलासा कंपनीला करावा लागला. लोकांच्या संतापात थोडा अन्याय होता असे आम्हांला वाटते. दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती विकत घेणारा मनुष्यही एक प्रकारची वर्गणीच भरत असतो. पण पुस्तक विकत घेतल्यावर ते वाचण्यासाठी प्रकाशकाला दरमहा काही देणे लागावे, ही कल्पना वाचकाला जशी रुचणार नाही, तशीच हीही रुचली नाही. याच्या आधी, २०२३ मध्ये, कंपनीने आयफिक्सिटशी करार करून 'मास्टर'च्या बदली बॅटऱ्या व सुटे भाग ग्राहकांना मिळण्याची व्यवस्था केली होती. तिची चर्चा या गदारोळाच्या शतांशानेही झाली नाही.

२०२५ च्या शरदात 'मास्टर ४' आला. जुन्या आवृत्त्यांवरचे मऊ रबरी आवरण झिजते, चिकट होते अशी वापरणाऱ्यांची वर्षानुवर्षांची तक्रार होती. ते आता बरेचसे हटले आहे. चाक २०१९ चेच आहे, सूक्ष्मताही २०२२ चीच. नवे आहे ते अंगठ्याखाली: तेथील जागा आता थरथरते. ती दाबली की पडद्यावर आज्ञांचे एक वर्तुळ उमटते, आणि त्यातून निवड करताना अंगठ्याला सूक्ष्म कंप जाणवतो. आजवर हात यंत्राला काही सांगत होता, आता यंत्रही हाताला सांगू लागले आहे. हे वर्तुळ कंपनीच्या सॉफ्टवेअरवाचून उमटत नाही. चाकाचे खटके मात्र सॉफ्टवेअर नसलेल्या, परक्या संगणकावरही लागतात. वाचनाच्या दृष्टीने पाहता या आवृत्तीने भर घातली ती मजकुराबाहेर, आज्ञांच्या बाजूला. एंगलबार्ट यांनी डाव्या हाताच्या पाच कळांकडे दिलेले कामच आता उजव्या अंगठ्याकडे आले आहे, असेही म्हणता येईल.

विद्यार्थी आम्हांला कधी कधी विचारतात की यांतला कोणता घ्यावा. केवळ वाचनासाठी आणि लेखनासाठी हवा असेल, तर '३' आणि '३एस' यांत आवाजाखेरीज वाचकाला जाणवेल असा फरक नाही, आणि '४'साठी अधिक पैसे मोजण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. डावखुऱ्यांनी या घराण्याच्या वाटेस जाऊ नये. आणि कोणाच्या घरी २००९ ची आवृत्ती अजून चालू स्थितीत असेल, तर तिचे झाकण उघडून कोपऱ्यावरच्या दुकानातला डबल-ए आकाराचा रिचार्जेबल सेल आजही तिच्यात घालता येतो.